आरे-वारेचे कालव आणि उजवीकडचे हृदय : पक्ष्माभिकांच्या शोधाची साडेतीनशे वर्षे

१/
रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारे येथे चढावर येतो आणि खालचे दोन किनारे एकाच नजरेत मावतात. ओहोटी लागली की किनाऱ्यालगतच्या खडकांना चिकटलेली कालवे उघडी पडतात. दगडासारखा निश्चल दिसणारा हा जीव पाण्याखाली असताना मात्र क्षणभरही स्वस्थ नसतो. त्याच्या कल्ल्यांवरचे असंख्य सूक्ष्म केस एका लयीत हलतात, पाणी आत ओढतात, त्यातले अन्न वेगळे करतात आणि उरलेले पाणी बाहेर लोटतात.

२/
जवळजवळ त्याच घडणीचा केस माणसाच्या श्वासनलिकेत आहे, शुक्राणूच्या शेपटीत आहे, मूत्रपिंडात आणि डोळ्याच्या पडद्यातही आहे. तो घडविणारी जनुके बिघडली तर एखादे मूल जन्मापासून खोकत राहते, एखाद्याचे हृदय उजवीकडे जाते, एखाद्याला रातांधळेपणा येतो, तर एखाद्याची मूत्रपिंडे पाण्याच्या फोडांनी भरून जातात. हे सारे आजार एकाच कुळातले आहेत, हे कळण्यास सव्वातीनशेहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाचा हा इतिहास. त्यातील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत, कुलाब्यास पार पडला.

३/
६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र पाठविले. स्वतः घासलेल्या भिंगाखाली तळ्याच्या पाण्यात हलणारे जीव दिसले, असे त्यात लिहिले होते. डेल्फ्ट हे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एका शाखेचे गाव. याच कंपनीची वखार तेव्हा आपल्या वेंगुर्ल्यासही होती.

४/
९ ऑक्टोबर १६७६ च्या प्रसिद्ध पत्रात लेव्हेनहूकने आणखी बारकाईने वर्णन केले : काही जीवांना अतिशय बारीक पाय आहेत आणि ते ते भराभर हलवितात. हे पाय म्हणजेच आपल्या कथेतील केस. १६८० च्या दशकात, म्हणजे इकडे संभाजीराजांची कारकीर्द सुरू असताना, अँटोनियस डी हाइड या डच वैद्याने शिंपल्याच्या कल्ल्यांवरची थरथर नोंदविली. कल्ल्याचा तुकडा कापून वेगळा केला तरी ही हालचाल काही काळ चालूच राहते. तिला मेंदूची आज्ञा लागत नाही. यंत्र त्या केसातच आहे.

५/
डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ ओटो फ्रेडरिक म्यूलर यांच्या १७८६ च्या ग्रंथात या केसांसाठी ‘सिलिया’ हा शब्द आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पापणीचे केस. मराठी परिभाषेने तीच प्रतिमा राखली आहे : पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, म्हणून ‘पक्ष्माभिका’. १८३४ साली पुर्किनिये आणि व्हॅलेंटिन यांनी सस्तन प्राण्यांच्या अंडवाहिनीतही पक्ष्माभिका हलतात असे दाखविले. शिंपल्यातले यंत्र आता आपल्या शरीराच्या दाराशी येऊन ठेपले होते.

६/
दुसरीकडे वैद्यकात एक वेगळेच कोडे साठत होते. १७८८ साली लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी एका मृतदेहाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सारे अवयव आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट होते. १९०४ साली कीव्हच्या सीव्हर्ट यांनी असे उलटे अवयव आणि फुप्फुसांचा जुनाट विकार एकाच रुग्णात पाहिला. १९३३ साली झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी आणखी रुग्ण एकत्र मांडले : उलटे अवयव, सतत वाहणारे नाक व सायनसचा दाह, रुंदावून सडलेल्या श्वासनलिका. हे त्रिकूट त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. पण हृदयाच्या बाजूचा आणि सर्दीचा संबंध काय, हे कोणालाच सांगता येईना.

७/
याच काळात एक शोध डोळ्यांसमोर असूनही अडगळीत पडला. १८९८ साली कार्ल झिमरमान यांनी माणसाच्या मूत्रपिंडातील पेशींवर एक-एकच केस पाहिला. तो हलणारा नव्हता. तो काहीतरी जाणून घेत असावा, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. पुढील अनेक दशके बहुतेकांनी त्याला उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष मानले. या दुर्लक्षाची किंमत पुढे दिसेलच.

८/
१९५० च्या दशकाच्या आरंभी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केसाच्या आतले दृश्य उघड केले. आयरीन मँटन यांनी वनस्पतींच्या पुंपेशींत, तर फॉसेट आणि पोर्टर यांनी प्राण्यांच्या पेशींत एकच नकाशा पाहिला : कडेला नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मध्ये दोन नळ्या. शेवाळापासून माणसापर्यंत हीच ‘नऊ अधिक दोन’ रचना. झिमरमान यांच्या एकाकी केसात मधल्या दोन नळ्या नसतात. बाकीचा सांगाडा तोच असतो.

९/
१९५९ साली स्वीडनच्या ब्योर्न अफ्झेलियस यांनी समुद्रातल्या काटेरी साळिंदराच्या, म्हणजे समुद्री अर्चिनच्या, शुक्राणूची शेपटी पाहिली. नळ्यांच्या प्रत्येक जोडीवर त्यांना लहान ‘हात’ दिसले. इयन गिबन्स यांनी तलावात राहणाऱ्या एकपेशीय जीवातून त्या हातांचे प्रथिन वेगळे केले आणि १९६५ मध्ये त्याला ‘डायनीन’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत बलासाठी जो शब्द आहे त्यावरून ते आले. हे हात शेजारची नळी ओढतात, नळ्या एकमेकींवर सरकतात आणि केस वाकतो.

१०/
१९७० च्या दशकात अफ्झेलियस यांच्यापुढे अपत्यहीन पुरुषांचे शुक्राणू आले. शुक्राणू जिवंत होते, पण हलत नव्हते. शेपटीतले डायनीनचे हात नाहीसे होते. या पुरुषांच्या तक्रारी ऐकताना जुने कोडे सुटू लागले : लहानपणापासून खोकला, सायनसचा दाह आणि काहींचे हृदय उजवीकडे. १९७६ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी मांडले की शुक्राणूची शेपटी आणि श्वासनलिकेतली पक्ष्माभिका यांच्यात एकच दोष आहे. जंतू आणि धूळ अडकलेला कफ वर ढकलणारे केसच ठप्प झाले, तर तो फुप्फुसातच साचतो आणि श्वासनलिका सडतात.

११/
मग हृदयाचे काय? अफ्झेलियस यांनी धाडसी तर्क केला. गर्भावस्थेत काही पक्ष्माभिकांच्या हालचालीनेच शरीराची डावी-उजवी बाजू ठरत असावी. ती हालचाल नसेल तर बाजू केवळ योगायोगावर पडते, नाणे उडवावे तशी. या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांतच अवयव उलटे असतात, याचा नेमका उलगडा त्यातून होत होता. मात्र पुराव्यासाठी आणखी २२ वर्षे थांबावे लागले.

१२/
तोवर प्रश्न बदलला होता. केस हलतो कसा हे कळले. पण तो बांधला कसा जातो? पक्ष्माभिकेच्या आत प्रथिने तयार होत नाहीत. प्रत्येक वीट पेशीच्या तळातून टोकापर्यंत वाहून न्यावी लागते. १९९३ साली येल विद्यापीठातील जोएल रोझेनबाउम आणि कीथ कोझमिन्स्की यांनी डबक्यातल्या हिरव्या शेवाळाच्या कशाभिकेत मालाची रांग टोकाकडे जाताना व परत येताना प्रत्यक्ष पाहिली. मालगाडीच्या डब्यांसारखी ही वाहतूक होती. तिचे टोकाकडे जाणारे इंजिन म्हणजे ‘किनेसिन-२’ हे प्रथिन. तीन भागांचे हे प्रथिन त्याच वर्षी जोनाथन शोली यांच्या प्रयोगशाळेने समुद्री अर्चिनच्या अंड्यांतून शुद्ध करून काढले होते.

१३/
१९९८ साली टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने उंदरातील किनेसिन-२ च्या एका भागाचे जनुक बंद केले. गर्भाच्या मध्यावरच्या छोट्या खळग्यात एरवी पक्ष्माभिका गरगर फिरतात आणि द्रवाचा प्रवाह डावीकडे वाहतो. या उंदरांत पक्ष्माभिकाच तयार झाल्या नाहीत. प्रवाह थांबला आणि हृदय कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळले. अफ्झेलियस यांचा तर्क खरा ठरला. बेली यांच्या मृतदेहाचे कोडे २१० वर्षांनी सुटण्याच्या वाटेवर आले.

१४/
२००० साली अडगळीतला केस परत आला. ग्रेगरी पाझूर आणि सहकाऱ्यांना दिसले की शेवाळात ज्या जनुकाशिवाय कशाभिका वाढत नाही, तेच जनुक एका जातीच्या उंदरात बिघडलेले आहे. त्या उंदरांच्या मूत्रपिंडांतील एकाकी केस आखूड होते आणि मूत्रपिंडे पाण्याच्या फोडांनी भरत होती. झिमरमान यांचा ‘निरुपयोगी अवशेष’ मूत्रपिंडाला जगवीत होता. ज्याच्याकडे १०० वर्षे कोणी पाहिले नाही, त्याच्यात माणसाच्या सर्वांत सामान्य आनुवंशिक मूत्रपिंडविकाराची गुरुकिल्ली होती.

१५/
आता मुंबई. १९६२ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि भौतिकशास्त्र व गणिताच्या त्या घरात रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. पुढे त्यांनी फळमाशी हाती घेतली. आंबा-बागायतदारांना छळणारी ती फळमाशी ही नव्हे. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी, चिलटाएवढी ही माशी. जनुक बदलले की वर्तन कसे बदलते, हे तिच्यात तपासता येते.

१६/
सिद्दिकी यांच्यासोबत वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी काम केले. नैरोबीत जन्मलेल्या, गोमंतकीय कुटुंबातल्या या संशोधिका डब्लिनमध्ये शिकल्या आणि संशोधनासाठी मुंबईस आल्या. वास आणि चव नीट न कळणाऱ्या माश्या शोधून त्यांतली बदललेली जनुके त्यांनी व सिद्दिकी यांनी वेगळी केली. १९७८ साली हे काम प्रसिद्ध झाले. माशीला वास येतो तो तिच्या स्पर्शिकेतील चेतापेशींच्या टोकांवर. ती टोके म्हणजेही पक्ष्माभिका.

१७/
त्याच संस्थेत पुढे कृशानु रे यांच्या प्रयोगशाळेने थेट इंजिनाकडे मोर्चा वळविला. २००३ साली अमेरिकेतील डॅनियल एबर्ल यांच्या सहकार्याने ‘करंट बायॉलॉजी’त त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. किनेसिन-२ चे भाग बिघडलेल्या माश्यांच्या स्पर्शिकेत ध्वनी टिपणाऱ्या पक्ष्माभिका नीट घडल्याच नाहीत. माश्या बहिऱ्या झाल्या. आश्चर्य पुढेच होते : त्याच माश्यांच्या शुक्राणूंच्या शेपट्या मात्र व्यवस्थित तयार झाल्या. मॉरिस कर्नान यांच्या गटानेही त्याच वर्षी, वाहतुकीच्या दुसऱ्या घटकाचा अभ्यास करून, असाच निष्कर्ष काढला.

१८/
या निष्कर्षाचे वजन समजून घेण्यासारखे आहे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केसांची बांधकामपद्धत निराळी असू शकते. म्हणून एकच जनुक बिघडले तरी शरीरातल्या सगळ्या पक्ष्माभिका सारख्याच बिघडतील असे नाही. एका कुटुंबात कान वा डोळे, दुसऱ्यात मूत्रपिंड, तिसऱ्यात फुप्फुस, असे आजार वेगवेगळे चेहरे घेऊन येतात त्याचे एक कारण येथे सापडते. २०११ मध्ये रे यांच्याच प्रयोगशाळेने वास टिपणाऱ्या पक्ष्माभिका किनेसिन-२ च्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने कशा वाढतात हे मांडले. सिद्दिकी-रॉड्रिग्ज यांच्या प्रश्नाला जणू पेशीच्या आतून पुरवणी मिळाली.

१९/
पण कोणत्या पेशीने केस उभारायचा आणि कोणत्या प्रकारचा, हा हुकूम कोण देतो? एका पक्ष्माभिकेसाठी शेकडो जनुके एकदम जागी व्हावी लागतात. २००० साली एका सूक्ष्म कृमीत ‘डीएएफ-१९’ हे नियामक प्रथिन सापडले. ते नसेल तर त्या कृमीच्या अंगावर एकही पक्ष्माभिका तयार होत नाही. अशी नियामक प्रथिने जनुकांच्या आरंभी असलेल्या ठरावीक खुणेला चिकटतात आणि त्या जनुकांचे काम सुरू करतात. माशीत आणि माणसात त्याच कुळातली ‘आरएफएक्स’ प्रथिने हे काम करतात.

२०/
हलणाऱ्या पक्ष्माभिकांसाठी आणखी एक अधिकारी लागतो : ‘फॉक्सजे१’. १९९८ मध्ये ते नसलेल्या उंदरांत श्वासनलिकेतले केस उगवले नाहीत आणि अवयवांची बाजूही भरकटली. २००८ साली सिंगापूरचे सुदीप्तो रॉय यांचा गट आणि अमेरिकेतील ख्रिस किंटनर यांचा गट यांनी झेब्राफिश व बेडूक यांच्यात दाखविले की हे एक प्रथिन भलत्या पेशीत आणून सोडले, तरी तेथे हलत्या पक्ष्माभिका उगवू शकतात. किल्लेदार एकच, पण त्याच्या इशाऱ्यावर सारा गड कामाला लागतो.

२१/
साहजिकच किल्लेदार चुकला तरी रोग होतो. माणसातील फुप्फुसविकाराचे पहिले जनुक १९९९ मध्ये सापडले, तेही शेवाळातील डायनीनच्या जनुकाशी साम्य ताडून. आता अशी ५० हून अधिक जनुके माहीत आहेत. २०१४ मध्ये असे रुग्ण आढळले की ज्यांच्या पक्ष्माभिका मोडक्या नव्हत्या, तर संख्येनेच अतिशय कमी होत्या. दोष सुट्या भागात नव्हता, ‘अनेक केस उभारा’ या आज्ञेत होता. २०१९ मध्ये ‘फॉक्सजे१’ बिघडलेले रुग्णही सापडले. त्यांच्या आईवडिलांत तो दोष नव्हता. तो त्यांच्यातच नव्याने उद्भवला होता.

२२/
दुसरा एक धागा १८६६ पासून लोंबकळत होता. लंडनच्या लॉरेन्स आणि मून यांनी एका कुटुंबात अंधत्व आणि लठ्ठपणा एकत्र पाहिला. १९२० मध्ये बार्डे आणि १९२२ मध्ये बीडल यांनी त्यात जादा बोटांची भर घातली. हात-पायांना सहावे बोट, लहानपणी रातांधळेपणा, वाढते वजन, मूत्रपिंडविकार : इतक्या विसंगत गोष्टींना जोडणारे काय? २००३ साली उत्तर आले. दोष पक्ष्माभिकेच्या पायात, ती जेथे रोवलेली असते तेथे होता. सहावे बोट आपल्याकडे अनेक घरांत शुभ मानतात, आणि बहुतेकदा ते निरुपद्रवीच असते. पण त्याच मुलाला संध्याकाळी दिसेनासे होत असेल, तर नुसते कौतुक पुरेसे नाही.

२३/
वारशाचा हिशेब येथे समजून घ्यावा. कफ साचण्याचा हा विकार आणि बार्डे-बीडल विकार बहुधा अप्रभावी असतात. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडते, आणि वाहक दांपत्याच्या प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता चारात एक असते. सख्ख्या आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत जुनी आहे. त्यामुळे एरवी न भेटणाऱ्या दोन बिघडलेल्या प्रती एकाच घरात भेटण्याची शक्यता वाढते. याउलट मूत्रपिंडात फोड येण्याचा प्रौढांमधला सामान्य विकार प्रभावी असतो. त्यात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली प्रत पुरते, आणि प्रत्येक अपत्यास धोका दोनात एक.

२४/
हा दोष आईचा नव्हे आणि पत्रिकेचाही नव्हे. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो. मूल होत नाही म्हणून बाईलाच बोल लावणाऱ्या समाजात अफ्झेलियस यांच्या रुग्णांची गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे : तेथे अडलेली होती ती पुरुषाच्या शुक्राणूची शेपटी. आणि हृदय उजवीकडे असणारा प्रत्येक जण आजारी असतो असेही नाही. अनेकांना ते एखाद्या क्ष-किरण तपासणीतच प्रथम कळते आणि ते आयुष्यभर निरोगी राहतात.

२५/
धोका आहे तो उशिराचा. जन्मल्यापासून बारमाही ओला खोकला आणि बारमाही वाहणारे नाक असलेल्या मुलावर कधी दम्याचे, कधी ॲलर्जीचे, कधी क्षयाचे उपचार होत राहतात आणि तेवढ्या वर्षांत श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे मोजमाप, नाकातून ब्रशने घेतलेल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी आणि जनुकीय चाचणी, यांनी निदान करता येते. बिघडलेले जनुक दुरुस्त करणारा उपचार आज रूढ नाही. पण रोज कफ मोकळा करण्याचे व्यायाम, संसर्गावर वेळीच औषध आणि कानांची काळजी यांनी फुप्फुसे पुष्कळ काळ सांभाळता येतात. निदान जितके लवकर, तितके फुप्फुस शाबूत.

२६/
या साऱ्या इतिहासात माणसाच्या आजाराचे उत्तर क्वचितच माणसाकडे पाहून मिळाले. ते शिंपल्याच्या कल्ल्यात, अर्चिनच्या शुक्राणूत, डबक्यातल्या शेवाळात, मातीतल्या कृमीत आणि केळ्यावरच्या माशीत सापडले. त्यांतल्या कोणत्याही संशोधकाला ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न विचारला असता, तर समाधानकारक उत्तर देता आले नसते. झिमरमान यांनी पाहिलेल्या केसाकडे तोच प्रश्न विचारून पाठ फिरविली गेली, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना एक शतक वाट पाहावी लागली.